मागचा काळ बघता येतो का? कालप्रवास आणि त्यातले पेच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळांत आणि वाचनालयांत आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात, तेव्हा दुर्बिणीपुढच्या रांगेपेक्षा नंतरची प्रश्नोत्तरंच जास्त रंगतात. शनीची कडी बघून झाली की कोणीतरी हमखास विचारतो, "सर, टाइम मशीन होतंय काय ओ?" पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एका जागी ठेवलेत. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच आहे.

मागचं बघायला मिळतंय म्हणतात. खरं काय?

खरं आहे. किंबहुना मागचं सोडून दुसरं काही बघायलाच मिळत नाही. प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर जातो. वेग प्रचंड आहे, पण त्याला मर्यादा आहे. त्यामुळे चंद्र दिसतो तो सव्वा सेकंदापूर्वीचा, सूर्य आठ मिनिटं वीस सेकंदांपूर्वीचा. व्याध ८.६ वर्षांपूर्वीचा, स्वाती सुमारे ३७ वर्षांपूर्वीची. मघा सुमारे ७९ प्रकाशवर्षांवर आहे (प्रकाश वर्षभरात जेवढं जातो ते एक प्रकाशवर्ष). राजहंसगडावर उभं राहिल्यावर आज तिचा जो प्रकाश डोळ्यांत शिरतो, तो निघाला तेव्हा देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. तीन मीटरवर बसलेला तुमचा मित्रसुद्धा सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाइतका जुना दिसतो.

प्रकाशाला यायला वेळ लागतो हे १६७६ साली ओल रोमर या खगोलशास्त्रज्ञानं दाखवलं. शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयाच्या सुमाराची ही गोष्ट. गुरूच्या आयओ या चंद्राची ग्रहणं तो मोजत होता. पृथ्वी गुरूपासून लांब जात असली की ग्रहणं ठरल्या वेळेपेक्षा उशिरा दिसत, जवळ येताना लवकर. चंद्र नियमानंच फिरत होता; उशीर वाटेत होत होता.

मग १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन कुठूनतरी दिसत असेल की?

हा माझा आवडता प्रश्न. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. त्या दिवशी मैदानावरून वर गेलेला उजेड आज शंभरहून जास्त प्रकाशवर्षं लांब पोचला आहे आणि अजून पुढं चाललाय. तत्त्व म्हणून उत्तर "हो". व्यवहारात मात्र एकापाठोपाठ एक अडचणी आहेत.

पहिली मांडवाची. कापडाच्या छताखाली गांधीजींच्या चेहऱ्यावर पडलेला प्रकाश छतानं अडवला. तो शोषला गेला आणि त्याची उष्णता झाली. बाहेर गेला तो फार तर मांडवाच्या वरच्या बाजूचा आणि रस्त्यावरच्या गर्दीचा. घरात, देवळात, कोर्टात घडलेला इतिहास आकाशात गेलेलाच नाही.

दुसरी दुर्बिणीची. शंभर प्रकाशवर्षांवरून एक मीटरची वस्तू वेगळी दिसायला भिंगाचा व्यास सुमारे ५८ कोटी किलोमीटर लागतो. सूर्य-पृथ्वी अंतराच्या जवळपास चौपट. एवढं करून माणूस म्हणजे एक ठिपका. टोपी गांधींची की दुसऱ्या कोणाची, हे ओळखायला भिंग त्याच्या शंभर पट मोठं हवं.

तिसरी सगळ्यात वाईट. उन्हात उभ्या माणसाकडून निघालेला उजेड एवढ्या अंतरावर इतका पांगतो की एक चौरस मीटरच्या भिंगात त्याचा एक प्रकाशकण यायला कोट्यवधी वर्षं लागतील. सभा तर दोन दिवसांत उठली.

आणि चौथी म्हणजे तिथं पोचायचं कसं? निघून गेलेल्या प्रकाशाला गाठायचं तर त्याच्यापेक्षा जोरात पळावं लागेल, आणि ते होत नाही. तिथं आधीच कोणी बसलं असेल तर गोष्ट वेगळी. पण त्यानं बघितलेलं आपल्याला कळवायला पुन्हा शंभर वर्षं.

लांब आकाशात आरसा लावला तर?

खानापूरच्या एका नववीतल्या मुलीनं हा विचारला. माझ्या मते सगळ्यात नेमका प्रश्न हाच. पन्नास प्रकाशवर्षांवर आरसा असेल तर प्रकाशाला जायला पन्नास, यायला पन्नास. म्हणजे आज शंभर वर्षांपूर्वीचं दिसेल. गणित बरोबर आहे. फक्त तो आरसा पन्नास वर्षांपूर्वी, प्रकाश तिथं पोचला त्या क्षणी, तिथं असायला हवा होता. आज न्यायला निघालो तर आपण निघण्याच्या आधीचं काहीही त्यात कधीच दिसणार नाही, कारण तो प्रकाश आपल्या पुढं पळतोय. मागचं बघायची सोय मागंच करून ठेवावी लागते. ही अट लक्षात ठेवा, पुढं ती पुन्हा भेटते.

असे आरसे आहेतही. अपोलो ११, १४ आणि १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेसर त्यांच्यावरून परत येतो तो अडीच सेकंदांनी. आपण स्वतः बसवलेल्या आरशात एवढाच भूतकाळ बघतो.

न बसवलेला आरसा म्हणजे कृष्णविवर. त्याच्या अगदी जवळून जाणारा प्रकाश वळून आल्या वाटेनं परत फिरू शकतो. माहीत असलेलं सगळ्यात जवळचं कृष्णविवर, गाया बीएच१, सुमारे १५६० प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे तिथून परत फिरलेल्या उजेडात सुमारे ३१०० वर्षांपूर्वीची पृथ्वी असणार. हलशीची देवळं आणि कदंबांचे ताम्रपट त्यानंतर कितीतरी शतकांनी आले. पण त्या विवराचा व्यास जेमतेम ६० किलोमीटर. म्हणजे बेळगावहून निपाणीला जाण्यापेक्षाही कमी. त्याच्या काठावरून परत येणारा उजेड कोणत्याही उपकरणाच्या आवाक्याबाहेर आहे.

एकदा होऊन गेलेली घटना परत दिसली, असं कधी झालंय काय?

दोनदा तरी झालंय, आणि दोन्ही वेळा बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला असणार.

नोव्हेंबर १५७२ मध्ये शर्मिष्ठेत एक नवा तारा झळकला. तालिकोटच्या लढाईला तेव्हा सात वर्षं झाली होती आणि आपल्या भागावर आदिलशाही होती. युरोपात टायको ब्राहे यानं त्याच्या नोंदी ठेवल्या, म्हणून तो टायकोचा तारा. तो एका ताऱ्याचा स्फोट होता. दीड वर्षाच्या आत दिसेनासा झाला. पण स्फोटाचा थोडा उजेड आडवाटेला लागून लांबच्या धुळीच्या ढगांवर आदळला आणि तिथून पृथ्वीकडे वळला. हा वळसा घालून तो २००८ मध्ये पोचला, ४३६ वर्षं उशिरा. हवाईतल्या सुबारू दुर्बिणीनं तो पकडला, त्याचा वर्णपट घेतला, आणि स्फोट कोणत्या जातीचा होता हे तेव्हा कळलं. टायकोकडे दुर्बीणही नव्हती. त्यानं नुसत्या डोळ्यांनी पाहिलेली घटना आपण यंत्रांनी तपासली, तीही "थेट".

दुसरी रेफ्सडाल नावाच्या स्फोटाची. मधल्या दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या, गुरुत्वानं त्याचा प्रकाश वेगवेगळ्या वाटांनी वाकला. २०१४ मध्ये एकाच स्फोटाच्या चार प्रतिमा दिसल्या. गणितींनी सांगितलं की आणखी एक वाट लांबची आहे, त्या वाटेनं तोच स्फोट साधारण वर्षभरानं परत दिसेल. डिसेंबर २०१५ मध्ये तो दिसला.

व्हॅटिकनकडे मागचं दाखवणारं यंत्र आहे असा मेसेज आलाय.

दर दोन-तीन वर्षांनी येतो. त्या यंत्राला "क्रोनोव्हायजर" म्हणतात. पेलेग्रिनो एर्नेत्ती या इटालियन धर्मगुरूनं असं यंत्र बनवल्याचा दावा केला, आणि १९७२ मध्ये तिथल्या एका साप्ताहिकात त्या यंत्रातून घेतलेला म्हणून येशूच्या चेहऱ्याचा फोटो छापून आला. तो इटलीतल्याच एका चर्चमधल्या लाकडी मूर्तीच्या फोटोशी जुळला. यंत्र कोणी कधी बघितलं नाही. मेसेज पुढं पाठवू नका.

बघायचं राहू दे, मागचा आवाज तरी ऐकता येईल?

आवाज हवेत विरतो. तो कुठल्या ग्रहाकडे वगैरे जात नाही. पण कोणी टिपून ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. फ्रान्समधल्या एदुआर्द-लिऑन स्कॉट यानं काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या लहरींच्या रेघा ओढणारं यंत्र केलं होतं. आवाज परत वाजवायचा हा विचारच त्यात नव्हता. त्याला फक्त लहरी कशा दिसतात ते बघायचं होतं. १८६० साली त्यानं एक फ्रेंच लोकगीत असं रेघांत उतरवलं. २००८ मध्ये संशोधकांनी त्या रेघा संगणकावर वाचून गाणं वाजवलं. दीडशे वर्षं कागदावर गप्प पडलेला गळा, जरा किनरा, पण माणसाचा. पुन्हा तीच अट: काजळीचा कागद आधी लावलेला होता.

पुढच्या काळात जाता येतंय काय?

येतं, आणि इथं शंका नाही. वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं (आइन्स्टाइन, १९०५) आणि गुरुत्व जास्त तिथलं घड्याळही हळू चालतं (१९१५). सर्गेई क्रिकालेव्ह हा अंतराळवीर सहा मोहिमांत मिळून ८०३ दिवस वर राहिला. तो आपल्यापेक्षा सुमारे ०.०२ सेकंद पुढच्या काळात उतरला. तुमच्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळं रोज ३८ मायक्रोसेकंद पुढं जातात. ती दुरुस्त केली नाहीत तर दिवसाभरात नकाशा दहा-अकरा किलोमीटरनं चुकेल.

आपल्याकडचं गणितही करून बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे इथलं घड्याळ गोव्याच्या किनाऱ्यावरच्या घड्याळापेक्षा वर्षाला सुमारे अडीच मायक्रोसेकंद पुढं जातं. चोर्ला घाट उतरून पणजीला राहायला गेलेला माणूस, म्हणायचं तर, बेळगावकरांपेक्षा हळू म्हातारा होतो. आयुष्यभरात मिळून सेकंदाचा पाच हजारावा भाग. त्यासाठी घर बदलू नये.

पुराणातल्या रेवतीची कथा इथं कोणीतरी काढतंच. तिचा बाप ककुद्मी तिला घेऊन ब्रह्मलोकी स्थळ विचारायला गेला, तिथं गाणं संपेपर्यंत थांबला, आणि खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. ही विज्ञानाची नोंद नव्हे, पण कथा सांगणाऱ्यानं एक गोष्ट बरोबर ठेवली आहे: ककुद्मी पुढं गेला, त्याला मागं येता आलं नाही.

मग मागं जायला काय अडचण?

गणितात पूर्ण मनाई नाही, हीच मोठी डोकेदुखी. १९४९ मध्ये कुर्ट गोडेल यानं आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असं विश्व काढून दाखवलं, की जे सगळंच्या सगळं फिरतंय आणि ज्यात पुढं पुढं जाणारा प्रवासी आपल्याच भूतकाळात पोचतो. आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही, त्यामुळे ती वाट बंद.

१९८८ मध्ये किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्महोलचा, म्हणजे अवकाशातल्या बोगद्याचा, मार्ग मांडला. बोगद्याचं एक तोंड प्रचंड वेगानं फिरवून परत आणायचं. त्या तोंडाचं घड्याळ मागं पडतं. मग एका तोंडातून शिरलेला दुसऱ्यातून आधीच्या काळात बाहेर. बोगदा उघडा ठेवायला ऋण ऊर्जा, म्हणजे रिकाम्या अवकाशापेक्षाही कमी ऊर्जा, लागते. ती अगदी सूक्ष्म प्रमाणात प्रयोगशाळेत जाणवते, पण माणूस जाईल एवढी कशी जमवायची हे कोणालाच माहीत नाही.

जमलंच, तरी बोगदा तयार झाला त्याच्या आधीच्या काळात त्यातून जाता येत नाही. आरशासारखंच. आज यंत्र बनवलं तर १८३१ च्या नंदगडला जाऊन संगोळ्ळी रायण्णाला फाशीवरून वाचवता येणार नाही. फार तर शंभर वर्षांनंतरचे लोक आपल्याकडे येतील.

मी मागं जाऊन आज्जाचं लग्नच मोडलं तर?

हा प्रसिद्ध "आजोबांचा पेच". इंग्रजी पुस्तकांत नातू आजोबाला मारतोच. आपल्याकडची मुलं लग्न मोडण्यावर भागवतात. लग्न मोडलं तर बाप नाही, तुम्ही नाही, मग लग्न मोडलं कोणी?

इगॉर नोविकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं उत्तर असं: जे घडलं त्यात तुमची लुडबुडही धरलेलीच आहे. तुम्ही गेलात, मांडवात गोंधळ घातलात, आणि त्या गोंधळामुळेच आज्जा-आज्जीची पहिली बोलणी झाली, असंच काहीतरी निघणार. मोडणं जमणार नाही.

पटत नाही ना? मग कॅरम घ्या. समजा एका पॉकेटमध्ये गेलेला स्ट्रायकर दुसऱ्या पॉकेटमधून एक सेकंद आधीच बाहेर येतो. तुम्ही तो असा मारला की बाहेर आल्यावर तो स्वतःलाच आडवा ठोकेल आणि मूळचा पॉकेटमध्ये जाऊच शकणार नाही. हा पेच जोसेफ पोल्चिन्स्की यानं बिलियर्डच्या चेंडूवर मांडला होता. थॉर्नच्या विद्यार्थ्यांनी गणित सोडवलं तेव्हा वेगळंच निघालं. बाहेर आलेला चेंडू जोरात न ठोकता नुसता चाटून जातो. त्या धक्क्यानं मूळ चेंडू जरासा तिरपा होतो, तिरपाच आत जातो, तिरपाच बाहेर येतो, आणि म्हणूनच नुसता चाटून जातो. सगळं जुळलं. फक्त एक उत्तर मिळायच्या जागी अशी अनंत उत्तरं मिळाली, आणि निसर्ग त्यातलं कुठलं निवडणार हे कोणाला सांगता येईना. मला विचाराल तर खरा पेच हा आहे, आज्जाचा नव्हे.

कुंद्याचा पेच म्हणजे काय?

तो आमचाच. समजा तुम्ही आजच्या कुंद्याची कृती पाठ करून मागं गेलात आणि बेळगावात पहिल्यांदा कुंदा करणाऱ्या हलवायाला सांगितलीत: दूध किती आटवायचं, रंग तांबूस कधी धरतो, झारा कधी थांबवायचा. त्यानं तसा केला, तो पिढ्यान्‌पिढ्या चालला, तुम्ही तोच खाऊन कृती शिकलात. मग कृती शोधली कोणी? कोणीच नाही. यात विरोध कुठंच नाही, तरी पोटात गोळा येतो.

कृतीऐवजी झाराच नेला तर जास्त अडचण. झारा तुम्ही मागं नेऊन दिला, तो वंशपरंपरेनं तुमच्याकडे आला, तुम्ही परत नेला. प्रत्येक फेरीत तो कढईच्या तळाला घासून थोडा झिजणार. पण फेरी एकच आहे, तेव्हा निघताना आणि पोचताना झारा हुबेहूब तोच असायला हवा. झीज भरून काढायला काहीतरी लागेल, आणि झीज आपोआप भरून येताना कोणी पाहिलेलं नाही.

१९५६ ला जाऊन सीमाप्रश्न मिटवून येता येईल काय?

हशा पिकतो, पण विचारणारा अर्धा गंभीर असतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं नसतं, तर हा प्रश्न विचारायला तुम्ही उभेच राहिला नसता. मग मागं गेलं कोण? आज्जाचाच पेच, फक्त सबंध जिल्ह्याचा.

डेव्हिड डॉइच यानं १९९१ मध्ये पुंजभौतिकीतून (क्वांटम फिजिक्समधून) वेगळी सुटका सुचवली. अनेक विश्वं मानली तर मागं गेलेला माणूस दुसऱ्याच विश्वाच्या फांदीत उतरतो. तिथलं बेळगाव बदलेल, त्याला तिथं सत्कारही होईल. इथल्या बेळगावात मात्र महाराष्ट्राचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात तसाच, आणि एक नोव्हेंबरचा काळा दिनही तसाच. निपाणीच्या एका आजोबांनी हे ऐकून विचारलं, "मग तिथलेच लोक इकडं का येत नाहीत सांगायला?" याला उत्तर नव्हतं.

कालप्रवासी आजपर्यंत कोणी भेटला का नाही?

स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ ला केंब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रण मेजवानी झाल्यावर जाहीर केलं. कोणी आलं नाही. त्यांचं गंभीर म्हणणं १९९२ मधलं आहे: असं यंत्र तयार होण्याच्या बेतात आलं की ऊर्जेचा असा लोंढा साठेल की ते मोडून पडेल. हे सिद्ध झालेलं नाही. पण यंत्राच्या आधीच्या काळात जाता येत नाही ही अट पुरेशी आहे. यंत्र अजून झालेलं नाही, म्हणून पाहुणे नाहीत.

नुसतं बघितलं, हात लावला नाही, तरी पेच पडतो काय?

नाही. मागचं बघताना बातमी भूतकाळाकडून आपल्याकडे येते, रोजच्याच दिशेनं. पेच पडतो तो बातमी उलटी गेली तर.

दुसरी अडचण मात्र आहे. मागचं दाखवणारं यंत्र खरंच निघालं तर पहिल्या दिवशी गांधीजींना कोण बघणार आहे? आपल्याकडे ते बांधाच्या भांडणात लागेल. कोणी कोणत्या साली बांध कोरला, उताऱ्यावर अंगठा कोणाचा, वाटणीच्या वेळी खोलीत कोण कोण होतं. आणि एक सेकंदापूर्वीचं तेही मागचंच. शेजारच्या घरात आत्ता काय चाललंय ते बघायला यंत्राला एका सेकंदाची सबब पुरेल.

आज रात्री सगळ्यात जुनं काय बघता येईल?

डोळ्यांनी, सहज दिसणारं: देवयानी दीर्घिका, २५ लाख वर्षांपूर्वीची. पावसाळ्यात नाद सोडा. नोव्हेंबरच्या मध्यात, अमावास्येच्या आसपास, रात्री नऊच्या सुमाराला उत्तरेकडे तोंड करून मान बरीच वर करा. शर्मिष्ठेचा एम आणि भाद्रपदांचा मोठा चौकोन यांच्या मध्ये एक पुसट ठिपका दिसेल. थेट न बघता जरा बाजूला बघा, म्हणजे तो उठून दिसतो. उद्यमबागेच्या दिव्यांतून दिसणार नाही; जांबोटीच्या बाजूला गेलात तर उत्तम. १० बाय ५० ची द्विनेत्री पुरते, महागडी दुर्बीण पहिल्याच वर्षी घेऊ नका. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं द्या, आणि तेवढा वेळ मोबाइल खिशात राहू दे.